पणजोबांचं दिवाळं आणि गाळायला सांगितलेली पानं

पत्र :

मी मूळची डोंबिवलीची, शिक्षणाने सीए. नवरा अमेरिकन, त्याचं घराणं जॉर्जियातल्या सॅव्हानाचं. आम्ही राहतो अटलांटात. येत्या उन्हाळ्यात सासरच्या सगळ्या गोतावळ्याचं संमेलन आहे. माझ्या आत्तेसासूबाईंनी (वय ७८, स्वभाव कडक, माझ्यावर जीव) मला एक पत्र्याची पेटी दिली आणि म्हणाल्या, "तू हिशेबातली, घराण्याची पुस्तिका तूच लिही."

पेटीत त्यांच्या पणजोबांची खातेवही आहे, १८५९ ते १८६६ची. ते कापसाचे अडते होते आणि कापडचोपड, बूट, किराणा यांचे घाऊक व्यापारीही. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी : सज्जन माणूस, अमेरिकेच्या यादवी युद्धाने धुळीला मिळवला, तरी न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांची पै न् पै फेडूनच डोळे मिटले.

वही वाचताना मध्येच तीन पानं लागली. गहाणखताची नक्कल. अकरा माणसं : नाव, वय, किंमत. एका ओळीत एकोणीस वर्षांची बाई आणि तिचं तान्हं मूल, दोघांची मिळून एकच रक्कम. आत्तेसासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "ही राहू देत. आनंदाच्या दिवशी कशाला?" नवरा म्हणतो, तू बाहेरून आलेली, उगाच वाईट होऊ नकोस. पंधरा वर्षांच्या लेकीनेही ती पानं पाहिलीत. ती विचारते, "आई, मग आपण बुडालो ते बरंच झालं ना?"

युद्धाने त्यांना खरंच बुडवलं का? पै न् पै फेडली हे खरं असू शकतं का? आणि ती पानं घालू की गाळू?

ता. क. पेटीत कॉन्फेडरेट, म्हणजे त्या युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारच्या, नोटांचं पुडकं आहे. त्याचं काय करावं?

– एक सून, अटलांटा

उत्तर :

पानं गाळू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. ती कुठे आणि कशी घालायची, हे मात्र तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर ठरेल. आत्तेसासूबाईंनी माणूस अचूक निवडलंय. घराण्याच्या गोष्टी रंगवून सांगणारे घरोघरी असतात, येणी आणि देणी शेजारी ठेवून पाहणारं क्वचित कुणी असतं.

पणजोबांचा धंदा आपल्याला परका नाही. खामगाव-अमरावतीच्या बाजारात अडत्या जे करतो, तेच ते सॅव्हानाच्या नदीकाठी करत होते. बे स्ट्रीटच्या मागे नदीच्या उतारावर या अडत्यांच्या वखारी आणि पेढ्या होत्या, त्या भागाला अजून फॅक्टर्स वॉक म्हणतात. लेकीला घेऊन एकदा चालून या. मळेवाल्याचा कापूस यांच्याकडे यायचा, हे तो विकायचे आणि साधारण अडीच टक्के अडत कापून घ्यायचे. पण खरा धंदा उधारीचा होता. वर्षभर मळ्यावर लागणारं कापड, बूट, मीठ, अवजारं, गाठी बांधायचं तागाचं गोणपाट आणि दोर, सगळं हे उधार पाठवायचे आणि वर व्याज लावायचे. तो माल यांना कोण द्यायचं? न्यूयॉर्क. वर्षातून दोन खेपा तिकडे, सहा महिन्यांपासून वर्षाच्या उधारीवर खरेदी. न्यूयॉर्कवाल्याचे हात पुढे लिव्हरपूल-लंडनपर्यंत गुंतलेले. शरदात कापूस उतरला की ही सगळी साखळी एकदम सुटायची.

आता १८६१च्या एप्रिलचं पान उघडा. १२ तारखेला चार्ल्स्टन बंदरातल्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि युद्ध पेटलं, १९ला लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. वसंतातली खरेदी झालेली, माल दुकानात आलेला, पैसे चुकते व्हायचे बाकी, आणि ज्या पिकातून ते चुकते व्हायचे ते पीक जेमतेम मातीत. दक्षिणेकडून उत्तरेला येणं असलेली रक्कम तेव्हाच्या अंदाजांप्रमाणे २० ते ३० कोटी डॉलर होती. पणजोबा म्हणजे त्यातला एक बारीकसा आकडा.

पुढच्या दोन तारखा पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. २१ मे १८६१ : कॉन्फेडरेट काँग्रेसने उत्तरेतल्या धनकोंचं देणं चुकतं करायला बंदी घातली आणि सांगितलं, हवं तर तेच पैसे आमच्या खजिन्यात भरा, आम्ही दाखला देतो. ३० ऑगस्ट १८६१ : त्याही पुढे जाऊन शत्रूची मालमत्ता सरकारजमा करण्याचा कायदा झाला, आणि 'मालमत्ते'त न्यूयॉर्कवाल्याचं तुमच्याकडे असलेलं येणंही आलं. सरकारी रिसीव्हर नोटिसा काढू लागले की कुणाचं किती देणं आहे ते शपथेवर सांगा. चार्ल्स्टनमध्ये जेम्स पेटिग्रू या म्हाताऱ्या वकिलाने भर कोर्टात उभं राहून या नोटिशीला विरोध केला, पण कायदा तसाच राहिला. तेव्हा वहीत १८६१च्या शेवटापासून पुढे 'रिसीव्हर' किंवा 'ट्रेझरी' अशी नोंद सापडते का पाहा. सापडली, तर पणजोबांनी न्यूयॉर्कचं देणं कॉन्फेडरेट सरकारला देऊन टाकलं आणि बहुधा सुटकेचा नि:श्वास सोडला. तो सोडायला नको होता. पेनसिल्व्हेनियाच्या व्यापाऱ्यांनी १८६१च्या मार्चमध्ये व्हर्जिनियात विकलेल्या मालाचा एक दावा, विल्यम्स विरुद्ध ब्रफी, १८७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने म्हटलं, कॉन्फेडरेट सरकारला भरलेले पैसे म्हणजे कर्जफेड नव्हे. मूळ धनकोचं देणं उभंच आहे. म्हणजे ज्याने इमानदारीत आपल्या सरकारचं ऐकलं, त्याच्यावर एकच कर्ज दोनदा फेडायची पाळी.

पण मला विचाराल तर पणजोबांना गाडलं ते देण्याने नव्हे, येण्याने. तुमच्यातली सीए इथे सरसावून बसेल. युद्धाआधी मळेवाल्यांना दिलेली उधारी सोन्याच्या भावाच्या डॉलरमधली. १८६३ उजाडलं तेव्हा सोन्याच्या एका डॉलरला कागदी तीनेक कॉन्फेडरेट डॉलर पडत होते, १८६४ उजाडता उजाडता वीसेक, आणि १८६५च्या वसंतात साठाच्या घरात. आता कल्पना करा, १८६० पासून तोंड चुकवणारे ऋणको अचानक सौजन्याने दारात उभे : "शेठ, ते हजार डॉलर घ्या, हिशेब मिटवून टाका." नाही म्हणावं तर आपल्या सरकारच्या चलनावर विश्वास नाही असा बोभाटा, आणि युद्धाच्या दिवसांत तो कुणाला परवडतो? जानेवारी १८६४ मध्ये घेतलेल्या त्या हजार डॉलरची किंमत सोन्यात पन्नास. न्यूयॉर्कच्या वहीत मात्र पणजोबांच्या नावावरचे हजार तसेच्या तसे. तुमच्या खातेवहीत १८६३-६४ मध्ये जुनी खाती भराभर 'चुकती' झालेली दिसतील. घरच्यांनी ती पानं पाहून म्हटलं असेल, बघा, युद्धातही वसुली किती चोख होती. ती वसुली हेच दिवाळं आहे. प्रत्येक 'चुकते'पुढे तारीख टाका, त्या महिन्याचा सोन्याचा भाव टाका, आणि नवा रकाना आखून खरी रक्कम लिहा. माझ्या मते अख्ख्या पुस्तिकेतलं सगळ्यात बोलकं पान ते होईल.

सरकारनेच आपल्या नोटांवर कात्री चालवली ती निराळी. फेब्रुवारी १८६४च्या कायद्याने जुन्या नोटा एकतर चार टक्क्यांच्या रोख्यांत बदलून घ्यायच्या, नाहीतर तीन जुन्यांना दोन नव्या. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला मुदत १ एप्रिल. तुमच्या पुडक्यातल्या काही नोटा त्या तारखेनंतरही घरात राहिलेल्या जुन्या असतील.

ज्यांचं डोकं शाबूत होतं त्यांनी कागद हातात ठेवला नाही, कापूस घेऊन वखारीत भरला. युद्ध संपलं की लिव्हरपूल वाट्टेल तो भाव देईल, हे त्यांना कळत होतं. सॅव्हानात मात्र डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन फौजेसह पोहोचला आणि त्याने लिंकनला ती प्रसिद्ध तार केली : नाताळची भेट म्हणून सॅव्हाना शहर, दीडशे तोफा आणि सुमारे २५,००० गाठी कापूस. त्या गाठी कुणाच्या तरी होत्या. पुढे अनेकांनी वर्षानुवर्षं केंद्र सरकारशी दावे लढवले. गाझवे लामार या सॅव्हानाच्या बड्या सावकार-व्यापाऱ्याने मरण्यापूर्वी त्यातून भरभक्कम रक्कम परत मिळवलीही. त्यामुळे 'सगळे बुडाले' असं सरसकट लिहू नका. ज्याच्याकडे वकील लावायला पैसे आणि थांबायला वेळ होता, तो कमी बुडाला. उलट चार्ल्स्टनचा जॉर्ज ट्रेनहोम पाहा : दक्षिणेतल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक, नाकेबंदी चुकवणाऱ्या जहाजांवर अफाट कमाई, शेवटी कॉन्फेडरेट अर्थमंत्री. त्याची लिव्हरपूलची पेढी १८६७ मध्ये दिवाळ्यात गेली.

तर पहिल्या प्रश्नाला उत्तर : हो, बुडाले, आणि बुडण्याची रीत खरी आहे, घरच्यांनी रचलेली नाही. फक्त 'युद्धाने बुडवलं' हे वाक्य जसंच्या तसं छापू नका. महापूर यावा तसं ते युद्ध वरून कोसळलं नव्हतं. जॉर्जिया १९ जानेवारी १८६१ला स्वखुशीने संघराज्यातून फुटली. त्याच वर्षी २१ मार्चला कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सॅव्हानातच, तुडुंब भरलेल्या सभागृहात म्हणाला की आमच्या नव्या सरकारचा कोनशिला-दगड हाच की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे. पणजोबा त्या सभेला होते की नाही ते वही सांगणार नाही. पण त्यांच्या गावच्या प्रतिष्ठितांनी टाळ्या वाजवल्या, आणि महिन्याभरात तोफा सुटल्या. हा मजकूर पुस्तिकेत एप्रिल १८६१च्या आधी यायला हवा, कारण तो घडलाच आधी.

आता ती तीन पानं. तुमची वही १८५९ला सुरू होते, हा योगायोग मला अस्वस्थ करून गेला. त्या वर्षी २ आणि ३ मार्चला सॅव्हानाबाहेरच्या टेन ब्रोक घोडशर्यतीच्या मैदानावर दोन दिवस लिलाव चालला. पियर्स बटलर हा फिलाडेल्फियात राहणारा मळेवाला जुगारात आणि बाजाराच्या पडझडीत कर्जबाजारी झाला होता. ते फेडायला चारशेहून अधिक माणसं विकली गेली, रक्कम तीन लाख डॉलरच्या वर. माणसं ठेवली होती घोड्यांच्या तबेल्यात. दोन्ही दिवस पाऊस होता, आणि आजही गावातले काळे लोक त्या दिवसांना रडण्याची वेळ म्हणतात. गावातल्या प्रत्येक अडत्याला हे ठाऊक होतं. कर्ज अंगाशी आलं की जमीन विकायला वेळ लागतो, माणूस लगेच विकता येतो, हा तिथल्या पतव्यवहाराचा पाया होता. म्हणूनच सावकार तारण म्हणून माणसं मागत.

म्हणजे ती पानं वहीत चुकून शिरलेली नाहीत. पणजोबांनी गहाण दिलं असो की घेतलं असो (हे नीट वाचून ठरवा, पत्रातून मला कळलं नाही), त्या अकरा जणांच्या जिवावर ती उधारी उभी होती. तुम्ही एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर सही करताना तारणाची टीप काढून टाकाल का? आत्तेसासूबाईंना हेच हिशेबाच्या भाषेत सांगा, त्यांनी तुम्हाला त्यासाठीच निवडलंय.

दुसरा प्रश्न, पै न् पै. असं करणारे व्यापारी होते, पण थोडे. बहुतेकांचा मार्ग तडजोडीचा. १८६५च्या उन्हाळ्यात दक्षिणेतले व्यापारी जुनी देणी खिशात घेऊन पुन्हा न्यूयॉर्कला जाऊ लागले, आणि तिथल्या घाऊकवाल्यांनी, ज्यांना दक्षिणेचं गिऱ्हाईक परत हवं होतं, डॉलरमागे काही सेंट घेऊन जुनं मिटवलं आणि नवा माल उधार दिला. अशी तडजोड घरच्या गोष्टीत दोन पिढ्यांत 'सगळं फेडलं' होते. त्यात खोटेपणा नसतो, घराणी अशीच बोलतात. वहीत १८६५-६६ मध्ये एखादं जुनं खातं गोल रकमेला बंद झालेलं दिसलं तर तडजोड समजा.

कायद्याचा रेटाही दोन्हीकडून होता. युद्धाच्या काळात दावा लावायच्या मुदतीचा कायदा थांबलेला होता असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, त्यामुळे 'मुदत गेली' म्हणून कुणाला हात झटकता आले नाहीत. युद्धकाळातलं व्याज मात्र माफ. १८६७चा नवा दिवाळखोरी कायदा दक्षिणेत भरपूर वापरला गेला आणि १८७८ला रद्द झाला. जॉर्जियाच्या १८६८च्या राज्यघटनेने २,००० डॉलरचं घरदार आणि १,००० डॉलरची चीजवस्तू जप्तीतून वाचवली होती, पण जुन्या कर्जांना ही सूट लावता येणार नाही, असं वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाकडून उत्तर आलं.

आणि एक निकाल असा आहे, की वाचून पुस्तक मिटवावंसं वाटतं. गुलाम विकत घेताना लिहून दिलेल्या जुन्या वचनचिठ्ठ्यांचं काय? माणसं तर मोकळी झाली. जॉर्जियाच्या नव्या घटनेने म्हटलं, असली कर्जं कोर्टात चालणार नाहीत. व्हाइट विरुद्ध हार्ट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम जुन्या करारांपुरतं उडवून लावलं. करार तो करार. म्हणजे एकोणीस वर्षांची ती बाई १८६५ला कायद्याने मुक्त झाली, आणि तिची किंमत देणं असलेला माणूस १८७०च्या दशकातही ती किंमत देणं लागत होता. मालकांना या 'नुकसाना'ची भरपाई मात्र मिळायची नाही आणि कॉन्फेडरेट सरकारचं एकही कर्ज कुणी फेडायचं नाही, हे १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायमचं ठरवून टाकलं. तुमच्या पेटीत रोखे असतील तर त्यांचा अंत तिथे झाला.

शोध कुठे घ्यायचा? फेडरल कोर्टांची जुनी दप्तरं तुमच्याजवळच मॉरोला, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शाखेत आहेत. १८६७च्या कायद्याखाली पणजोबांनी दिवाळं जाहीर केलं असेल तर धनकोंची यादी तिथे मिळायला हवी. दुसरं, मे १८६५च्या माफीनाम्यात अध्यक्ष जॉन्सनने २०,००० डॉलरहून जास्त मालमत्ता असलेल्या बंडखोरांना वगळलं होतं. त्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागे आणि ते अर्ज जपून ठेवलेले आहेत. सधन माणूस आपल्या इस्टेटीबद्दल सरकारला काय सांगतो ते वाचण्यासारखं असतं. तिसरं, कॉन्फेडरेट सरकारला माल विकणाऱ्या पेढ्यांच्या पावत्या 'नागरिक आणि पेढ्या' अशा नावाच्या कागदपत्रांत आहेत. फौजेला कापड नि बूट विकून पहिली दोन वर्षं त्यांची चांदी झाली असेल, तर तेही लिहावं लागेल. आणि चौथं, हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आर. जी. डन या पत-अहवाल देणाऱ्या पेढीच्या वह्या आहेत. न्यूयॉर्कवाल्यांसाठी गावोगावचे वकील गुपचूप कळवायचे, अमुक माणूस किती पाण्यात आहे, पितो का, सासरा श्रीमंत आहे का. गंमत म्हणजे ही संस्था १८४१ मध्ये काढणारा लुईस टॅपन कट्टर गुलामीविरोधी होता.

नवरा म्हणतो तुम्ही बाहेरच्या. मला तसं वाटत नाही, आणि यासाठी तुमच्याकडे हुकमी पान आहे. अमेरिकेचा कापूस थांबला तेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसावर आल्या. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. बॅक बेमध्ये भर घालायच्या कंपनीचा शेअर लोकांनी दसपटीवर नेला. ९ एप्रिल १८६५ला दक्षिणेचा सेनापती जनरल लीने शरणागती पत्करली, बातमी मुंबईला पोहोचली, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांची तारीख आली तेव्हा शहरातल्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. त्या काळचा शेअर बाजाराचा राजा प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटला नाही. त्यांनी तेजीत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तुम्ही कॉलेजात असताना शंभरदा पाहिला असेल. आत्तेसासूबाईंना चहा घेता घेता हे सांगा : तुमच्या पणजोबांना ज्या युद्धाने खाली नेलं त्याने माझ्या गावचे व्यापारी वर नेले, आणि ज्या शरणागतीने तुमच्याकडे सुटका झाली तिने आमच्याकडे दिवाळं निघालं. कडक स्वभावाची माणसं अशा गोष्टीला सहसा हसतात. मग वही उघडा.

संमेलनाच्या दिवशी हा विषय पहिल्यांदा निघू देऊ नका. आधी दोघीच बसा. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण ती खरी आहे : चार पिढ्यांत ही पानं कुणीही फाडू शकलं असतं, शेकोटीत टाकू शकलं असतं. कुणी टाकली नाहीत. आणि नुसती जपली एवढंच नाही, त्यांत नावं आहेत. १८६०च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या मालकाच्या नावाखाली आहेत, त्यांत वय, लिंग, रंग, बस्स. बहुतेक काळ्या कुटुंबांना आपलं माणूस नावानिशी पहिल्यांदा सापडतं ते १८७०च्या जनगणनेत, आणि त्यामागे भिंत. तुमच्या तीन पानांत त्या भिंतीपलीकडची अकरा नावं आहेत. जॉर्जियात किंवा शिकागोत कुणीतरी ती शोधत असेल. सॅव्हानाच्या जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीकडे त्यांच्या प्रती द्या, पुस्तिकेचं काहीही होवो.

पानं पुस्तिकेच्या शेवटी परिशिष्टात ढकलू नका. ज्या तारखेची आहेत त्या तारखेला घाला, कापडाच्या ठाणांच्या आणि मिठाच्या पिंपांच्या नोंदींमध्ये, जशी वहीत आहेत तशी. खाली शेरा लिहू नका. 'त्या काळी असंच होतं' हे नको, 'आमच्याकडे त्यांना प्रेमाने वागवत' हे तर मुळीच नको. आत्तेसासूबाई तसं म्हणतीलही. कागदात पुरावा असेल तर छापा, नसेल तर नाही, हा सीएचा नियम त्यांना पटेल. त्यांनी शेवटपर्यंत नाहीच म्हटलं, तर पुस्तिका दुसऱ्या कुणाला लिहू द्या. अर्धवट ताळेबंदाखाली तुमचं नाव जाऊ नये. भांडण मात्र नको, ७८ वर्षांच्या बाईने एका उन्हाळ्यात एवढं पचवावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या स्वत:च विषय काढतील अशी मला दाट शंका आहे.

राहिली लेक. तिचा प्रश्न हुशार आहे, त्याला 'असं बोलू नये' म्हणून गप्प बसवू नका. तिला गॅरिसन फ्रेझियरची गोष्ट सांगा. १२ जानेवारी १८६५च्या संध्याकाळी, सॅव्हानात, चार्ल्स ग्रीन या कापूस-व्यापाऱ्याच्या घरी (शर्मनचा मुक्काम तिथेच होता, घर अजून उभं आहे) वीस काळे धर्मोपदेशक युद्धमंत्री स्टँटन आणि शर्मनसमोर बसले. त्यांच्या वतीने बोलला ६७ वर्षांचा फ्रेझियर. त्याने आठच वर्षांपूर्वी स्वत:ला आणि बायकोला विकत घेऊन सोडवलं होतं, हजार डॉलर मोजून, सोन्याचांदीच्या नाण्यांत. तुम्हाला काय हवं, असं विचारल्यावर तो म्हणाला, जमीन, म्हणजे आमच्या कष्टाचं आम्हाला खाता येईल. चारच दिवसांत शर्मनचा हुकूम निघाला, किनारपट्टीची जमीन चाळीस चाळीस एकरांनी वाटायची. सुमारे चाळीस हजार माणसं तिथे वसली, आणि वर्ष संपायच्या आत जॉन्सनने बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. पुढे मुक्त झालेल्यांनी सॅव्हानाच्या शाखेसकट फ्रीडमन्स बँकेत पैसे साठवले. ती १८७४ला बुडाली, साठ हजारांवर खातेदार, तीसेक लाख डॉलर. तिला म्हणावं, बुडालेल्यांची यादी करायला बसशील तर पणजोबांना त्यात जागा आहे, पण रांगेत पुढे बरीच माणसं उभी आहेत. बरं झालं की वाईट, हे तिचं तिला ठरवू दे. आणि फ्रेझियरचे हजार डॉलर नि गहाणखतातली ती एका ओळीची रक्कम तिला शेजारी शेजारी लिहायला सांगा, तीच हे पान तयार करू दे. पुस्तिकेत घ्या.

नोटांबद्दल. त्यांवर छापलेला मजकूर वाचून दाखवा, मजा येईल : संयुक्त संस्थानांशी तह झाल्यानंतर दोन वर्षांनी धारकास पैसे देण्याचं वचन, असं बऱ्याच नोटांवर असतं. तो तह कधी झालाच नाही. संग्राहक त्या विकत घेतात, पण सर्वसाधारण नोटांना फार भाव नाही, आणि गेल्या शतकात हौसेखातर नकलाही ढिगाने छापल्या गेल्या, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय कुणाला किंमत सांगू नका. रबरबँड काढा, आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत सुट्या ठेवा. लॅमिनेट अजिबात करू नका, खातेवहीचीही पानं नाहीत. अटलांटाच्या दमट उन्हाळ्यात पत्र्याची पेटी गंजते, ती आधी बदला.